कळकलेली कालवं

परशुरामाने सायकल आंब्याला टेकवली तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, की आज घरात काहीतरी शिजतंय आणि ते चुलीवर नाही. दाजींची आरामखुर्ची पडवीच्या मधोमध आलेली होती. दाजी, म्हणजे थोरले भाऊ, खुर्ची मधोमध घेऊन बसले की घरात पंचायत भरली असं समजायचं. त्यांची मुलगी शुभदा, वेंगुर्ल्याच्या हायस्कुलातली शिक्षिका, मे महिन्याच्या सुट्टीवर आली होती, ती कागद मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. आणि अक्का, त्या दोघा भावांची मोठी बहीण मथुरा, भिंतीला पाठ लावून बसलेली. तिच्यापुढे कालवांची टोपली होती, काठोकाठ भरलेली.

परशुरामाने चपला काढता काढता ती टोपली पाहिली. आज शनिवार, बाजाराचा दिवस. बाजारातून अक्काची टोपली भरलेली परत आली, असं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

सव्विसाव्या वर्षी कपाळ पुसून अक्का माहेरी आली. त्यानंतर भावांच्या घासाला तिने हात लावला, पण मिंधेपणाने कधी नाही. ह्या घरात तिचं स्वतःचं असं एकच होतं: मानशीखालचं कालवांचं खडप. खाजणातल्या भातशेतीला खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखणारा बांध, आणि त्या बांधातलं भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं लाकडी दार म्हणजे मानशी. तिच्या तोंडाशी जे खडक आहेत त्यांवर कालवं धरत. ती फोडायची, वाटे घालायचे आणि बाजारात बसायचं, ह्यावर अक्काने चाळीस वर्षं ताठ मानेने काढली होती. शुभदाची आई गेल्यावर तिलाही ह्याच कालवांच्या कढीवर वाढवली.

"परशा, ये. बस," अक्का म्हणाली. "आनि ह्यां खा."

तिने कालव हाताने पुढे केलं. परशुरामाने ते उजेडात धरलं. मांसाच्या कडेला हिरवट झाक होती, घासायच्या राहिलेल्या समईच्या बुडाला येते तशी. तोंडात घातलं आणि त्याची जीभ आखडली.

"कळाकलां," तो म्हणाला.

"आयकलंस, दाजी?" अक्का थोरल्याकडे वळली. "मी दोन वर्सां ह्यांच सांगतंय. कालवां कळाकतत. तर तुमी माका काय म्हटलास? अक्का, तुजी जीभ म्हातारी झाली. कालव काय पितळेच्या टोपात शिजता कळाकूक?"

दाजींनी घसा खाकरला. बोलणं त्यांचंच होतं, त्यामुळे नाकबूल करायची सोय नव्हती.

"आनंदीबाईन आज टोपली परत दिल्यान," अक्का पुढे म्हणाली. "वीस वर्सांचा माजां गिऱ्हाईक. भांडाक नाय, आरडाक नाय. नुसती म्हनाली, मथुरे, माजो नातू दोन दिस ओकता हा. मगे मी थंय बसतलंय कसां? उठलंय नि चलत इलंय."

हे सांगताना तिचा आवाज तसूभर हलला नाही. परशुरामाला मात्र तो दोन कोसांचा रस्ता दिसला. मेचं ऊन, डोक्यावर भरलेली टोपली, आणि ओळखीपाळखीची माणसं बघताहेत. त्याला तिच्याकडे बघवेना.

शुभदाने कागद पुढे केला. कलेक्टर कचेरीला अर्ज होता. माळावरच्या खाणीचं पाणी व्हाळातून खाडीत येतं, त्याने कालवं बिघडली, तपासणी व्हावी, असा. अक्षर सुरेख, भाषा कचेरीची. खाली घरातल्या सगळ्यांनी सह्या करायच्या.

आणि घोडं इथेच अडलं होतं. कारण त्या खाणीवर परशुराम मुकादम होता. मॅट्रिकला तीनदा आपटलेल्या परशुरामाला ज्या खाणीने खाकी शर्ट आणि हजेरीचं पुस्तक दिलं, तिच्याच विरुद्ध अर्ज.

"परशान सही करूची नाय," दाजी म्हणाले. "मी करतंय. घरातलो मोठो मी."

"मोठो तू, पन खानीत तो," अक्का म्हणाली. "तेची सही नसली तर कोन इचारतलो ह्या कागदाक?"

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. परशुरामाची बायको सुगंधा थोरल्या दिरासमोर कधी येत नसे, पण दाराआडून तिचं राज्य चाले. "शुभदा, तुज्या बाबांक सांग," ती म्हणाली, "सही केल्यार दुसऱ्या दिसाक कंपनी ह्यांका घरी बसयतली. आनि वाडीतले तीन झिल ह्यांच्या शब्दार थंय लागले हत, तेंकाव."

"बघ," दाजी म्हणाले, जणू सुगंधाला सांगून ठेवलं होतं.

"म्हंजे मी गप रवाचा," अक्का म्हणाली.

 परशुरामाला बहिणीची बाजू घ्यायची होती, पण दाराआडची बाजू त्याच्या पोरांची होती. अशा वेळी माणूस करतो तेच त्याने केलं. पाणी भरलेल्या सरबताच्या तीन बाटल्या शुभदाशेजारी ओळीने ठेवलेल्या होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यां काय गो?"

शुभदा सुटल्यासारखी बोलायला लागली. शाळेच्या प्रयोगशाळेतून तिने कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या. पाण्यात बुडवली की पट्टी रंग बदलते. हिरवी राहिली तर पाणी ठीक, पिवळी-नारिंगी झाली तर आंबट, लाल झाली तर जहाल आंबट. पहिली बाटली खाणीखालच्या व्हाळाची. पट्टी नारिंगी झाली. दुसरी खाडीतली, होडीच्या तरीजवळची. पट्टी हिरवी राहिली.

"मगे झालाच," दाजी म्हणाले. "खाडी बरी आसा."

"नाय बाबा. थंयच तर फसाक होता. आत्ये, कोकमाचा आगळ तू तांब्याच्या भांड्यात ठेवशीत?"

"कल्हई नसलेल्या? येडा लागला काय माका? भांड्याचा तांबां उतारतला तेच्यात."

"तसांच हां. खानीच्या दगडात लोखंड आसा, तांबां आसा, गंधक आसा. हवा-पानी लागला की तो दगड आंबाता, आनि तां आंबट पानी दगडातली धातू उतरवन घेता. पान्यात विरगाळली की दिसना नाय. पानी उलट निवळशंख दिसता. पन खाडीचा खारां पानी भेटला की आंबटपना मरता, आनि विरगाळलेली धातू खाली बसता, चिखलात. वरचा पानी बरां, खालचो चिखल इखारी. आनि कालव काय करता? दिसभर तेच पानी गाळीत बसता. सगळां आपल्या पोटात ठेवता."

अक्का टोपलीकडे बघत राहिली. "म्हंजे खरांच कळाकलां," ती हळू म्हणाली. दोन वर्षं खोटी ठरलेली आपली जीभ खरी निघाल्याचा आनंद तिला व्हायला हवा होता, पण झालेला दिसला नाही.

"आनि तिसरी बाटली खंयची?" तिने विचारलं.

शुभदाने ती बाटली उचलून पदराआड घेतली. "ती रवांदे. तेचा काय नाय."

शुभदाला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. परशुरामाने अर्ज परत वाचला. व्हाळाचं नाव होतं, तरीचं होतं. तिसऱ्या जागेचं नाव नव्हतं. त्याने वर पाहिलं तर शुभदा त्याच्याचकडे बघत होती, आणि नजरानजर होताच तिने मान खाली घातली. लहानपणी ह्याच पोरीला खांद्यावर बसवून त्याने दशावतार दाखवला होता. ती आपल्याला कशापासून तरी राखते आहे, एवढं त्याला उमजलं.

"शुभदा, हाड ती बाटली."

"काका, नको."

"हाड म्हटलंय ना."

त्याने स्वतःच्या हाताने बूच काढलं. पाणी असं नितळ, की बाटली रिकामी वाटावी. पट्टी बुडवली. ती लालभडक झाली.

"खंयचा ह्यां?" दाजींनी विचारलं.

"मानशीच्या आतलां," शुभदा म्हणाली. "बांधाच्या पायथ्याच्या चराचा."

"शक्य नाय," दाजी पुढे सरकले. "बाटल्यो बदललंस तू. अगो, आमच्या चराचा पानी काचेसारख्यां आसा. सगळ्या खाजणात असां पानी नाय कोनाचा. डास म्हनशीत तर एक नाय."

"डास नाय, बेडूक नाय, कुर्ली नाय, बाबा. तीनदा बघलंय मी."

"पन खान चार मैलार. तिच्यापुढच्या व्हाळात इतक्यां आंबट नाय, तर आमच्या दारात खंयसून इलां?" दाजींनी हे विचारलं ते अगदी भाबडेपणाने.

परशुरामाला उत्तर ठाऊक होतं. म्हणजे आत्ता, ह्या घटकेला ठाऊक झालं, पण ते त्याच्यापाशी पाच वर्षं पडून होतं.

आबांच्या, म्हणजे ह्या भावंडांच्या वडिलांच्या वेळेपासून ह्या घरात रीत होती. दरवर्षी मिरगाआधी, ओहोटी साधून, घरातलं प्रत्येक माणूस बांधावर चिखलाची टोपली घाली. सासरी गेलेल्या पोरी त्या दिवशी माहेरी येत. त्याला मातीचा दिवस म्हणत. दिवस म्हणायचं, खरं तर आठवडा मोडायचा आणि कंबरडंही. एक्याऐंशी साली त्याच कामात दाजी बांधावरून घसरले, आणि गुडघा जो गेला तो कायमचाच. म्हणून परशुरामाने साहेबाला विचारलं, की खाणीतला टाकाऊ दगड नेऊ का. साहेब म्हणाला, न्या, तेवढाच ढिगारा कमी. बेचाळीस खेपा दगड आला. करडा, जड, आणि त्यात पिवळे चमकणारे कण. पोरांनी ते सोनं म्हणून खिशात भरले. बांध छातीएवढा उंच झाला, मातीचा दिवस बंद पडला, आणि त्या संध्याकाळी दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "परशा, आबांच्या मागे बांध राखलंस तूच." तो हात त्याने इतकी वर्षं पाठीवर जपला होता.

आणि खाणीवर त्याच दगडाच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, पावसाळी डबक्यात विसरलेलं फावडं त्याने दिवाळीला उचललं होतं. पात्याची चाळण झालेली. हसून तो गड्यांना म्हणाला होता, पाण्याला दात आले. तेव्हा हसला. घरी येऊन बांधाकडे बघायची बुद्धी झाली नाही.

आताही तो गप्प बसू शकला असता. अर्ज तयार होता, त्यात सगळं पाप खाणीचं होतं आणि ते खोटंही नव्हतं. शुभदा बोलली नसती. दाजींना कळलं नसतं. फक्त अक्का ओहोटीला खडपावर जात राहिली असती, आणि दगड तिथेच पाझरत राहिला असता.

"अक्का," तो म्हणाला, "तां तांब्याचां भांडां म्हंजे आमचो बांध."

"काय म्हनतस?"

"मी हाडलंय तो दगड. तोच आंबलो. पावसाचा पानी तेच्यातसून पाझारता, चरात उतारता, मानशी उघाडली की तुज्या खडपार जाता. खान चार मैलार नाय, दाजी. खान मी घरात हाडलंय."

दाजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. परशुरामाला वाटलं, आता शिव्या येतील. त्याला त्या हव्या होत्या. पण दाजी काठी घेऊन अंगणात उतरले आणि खाजणाच्या वाटेला लागले, दुखरा पाय ओढत. त्या चालण्याकडे बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

"माजां खडप तू मारलंस, परशा," अक्का म्हणाली. तिने टोपली उचलली आणि मागल्या दारी निघून गेली.

शुभदा रडत होती. "काका, मिरगाआधी दगड काढलो तर पुढे पाझारचो नाय. पन काढलो की बांध ठेंगणो होतलो. अमावाश्येचा उधान खाजणात शिरतला. दोन-तीन वर्सां भात नाय."

"आनि दगड टाकतलंव खंय?"

"वर कातळार. चिकनमातीत पुरून, चुनो घालून. पानी लागाक नको."

"बेचाळीस खेपा," परशुराम म्हणाला. "ट्रकान हाडलंय. ट्रक आता कोन देतलो?"

तेव्हा माजघराचं दार उघडलं. सुगंधा बाहेर आली आणि थोरल्या दिराच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. ती त्या जागी उभी राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

"हातान काढूया," ती म्हणाली. "तुमी हाडलास, तुमीच काढा. मी तुमच्या वांगडा आसंय."

"मगे नोकरी गेली तर म्हनाचा नाय."

"म्हनतलंय," सुगंधा म्हणाली. "रोज म्हनतलंय. पन सही करा."

त्याने सही केली. त्याआधी शुभदाचं पेन घेऊन, तिच्या सुरेख अक्षराखाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या. खाणीतला टाकाऊ दगड मी स्वतः बांधाला घातला, तो अपायकारक आहे असं मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तीन दिवसांनी पहाटेच्या ओहोटीला सगळे बांधावर उभे होते. खाडीला कुबट वास येत होता, चिखल उघडा पडला होता, आणि मानशीच्या तोंडाशी तो नारिंगी, गंजाच्या रंगाचा दिसत होता. इतकी वर्षं हा रंग लाल मातीचा म्हणून सगळ्यांनी चालवून घेतला होता.

दाजी ह्या तीन दिवसांत परशुरामाशी बोलले नव्हते. अक्काही नाही. जेवायला वाढताना तिने भाताचा ढीग नेहमीएवढाच घातला, पण वाढून झाल्यावर थांबली नाही.

दाजींनी नारळ पुढे ठेवला, डोक्यावरचा टॉवेल काढला आणि खाजणाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. ह्या घरच्या गाऱ्हाण्याची एक जुनी अट होती. जे चुकलं ते नावानिशी सांगायचं, आणि घरातल्या एकूण एक माणसाने 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. परशुराम मान खाली घालून स्वतःच्या नावाची वाट बघत होता.

"बा देवा म्हाराजा," दाजींचा आवाज खाजणावर पसरला. "खाजणाच्या राखणदारा, आमच्या आबान ह्यो बांध तुज्या साक्षीन राखलो."

"व्हय म्हाराजा."

"पाच वर्सांमागे हयसर माजो पाय मोडलो. माजो, आबा नारायनाच्या थोरल्या झिलाचो. माज्यान चिखल उचलवना नाय. त्या पायाच्या मायेन ह्या घरान तुज्या बांधात इख घातल्यान. घालताना कळाक नाय. पानी निवळ दिसला, तर मी मिरवलंय. बहिनीन सांगल्यान, तर मी तिका हसलंय. ही चूक माज्या पायाची नि माज्या तोंडाची. ती पदरात घे म्हाराजा."

ह्या वेळी 'व्हय म्हाराजा' आलं नाही. सुगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. परशुरामाचं नाव आलं नव्हतं. आपल्या नावाशिवाय केलेल्या ह्या गाऱ्हाण्याला हो म्हणणं त्याला चोरीसारखं वाटत होतं. दाजी थांबून राहिले. पाठ फिरवलेलीच, टॉवेल हातात.

मागून पाऊल वाजलं. अक्का डोक्यावर टोपली घेऊन चिखलातून येत होती. टोपलीत रिकाम्या शिंपल्या होत्या. घरामागे चाळीस वर्षांच्या फोडलेल्या कालवांचा ढीग साठला होता, कोणाला ती हात लावू देत नसे. तिने टोपली मानशीच्या आतल्या चरात ओतली. पांढऱ्या शिंपल्या खळखळत त्या काचेसारख्या पाण्यात गेल्या.

"शुभदा म्हनाली, शिंपल्यांनी आंबटपना मरता," ती म्हणाली. "पुरतल्यो नाय. पन सगळो ढीग हाडतलंय."

मग ती परशुरामाशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला तोच खाडीचा वास होता, जो त्याला आईच्या वासाआधी आठवतो.

"परशा, दाजी ताटकाळलो," ती म्हणाली. "भरती फिरात. म्हन मेल्या."

"अक्का, तुजां खडप..."

"तां माका ठावक आसा. म्हन."

"व्हय म्हाराजा," परशुराम म्हणाला. आवाज फाटका निघाला. त्याच्या मागोमाग सुगंधा म्हणाली, शुभदा म्हणाली आणि सगळ्यांत शेवटी, अगदी हळू, अक्का.

दाजींनी नारळ फोडला. मग ते वळले, पाच वर्षांपूर्वी ठेवला होता तिथेच परशुरामाच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत बांधावर खाली बसले. काठी बाजूला ठेवून त्यांनी पहिला दगड दोन्ही हातांनी उपसला आणि धाकट्याच्या टोपलीत टाकला.

"चल," ते म्हणाले. "बेचाळीस खेपा आसत."